दखमित्रेची ओवरी

मागच्या वेळी सोपाऱ्याच्या स्तूपाबद्दल लिहिलं होतं. ते वाचून मामीचा फोन आला. कौतुक वगैरे झालं आणि मग तिने विचारलं, "पण सगळे पुरुषच की गं यात. अशोक, पूर्ण, ते भगवानलाल इंद्रजी... बायका राहत नव्हत्या का सोपाऱ्यात?" मामीने जन्मभर शाळेत इतिहास शिकवलाय, त्यामुळे तिचा प्रश्न हवेत सोडून देता येत नाही. तेव्हा हा लेख मामीसाठी, आणि वाचतील त्या सगळ्यांसाठी. जरा लांब झालाय. चहा घेऊन बसा.

नव्याने येणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. सोपारा म्हणजे नालासोपारा. आम्हा बोईसरकरांच्या हिशेबात विरारच्या पुढचं स्टेशन. २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला तेव्हा ते आमच्याबरोबर इकडे आलं. प्राचीन काळी हेच शूर्पारक, अपरांताचं म्हणजे उत्तर कोकणाचं मोठं बंदर. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथलं 'बुरुड राजाचा कोट' नावाचं टेकाड खणलं आणि आत स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, पेटीत तांब्याच्या, चांदीच्या, सोन्याच्या एकात एक बसणाऱ्या डब्या, सोन्याची फुलं, यज्ञश्री सातकर्णीचं एक चांदीचं नाणं, भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे आणि आठ छोट्या मूर्ती. इतकं सगळं होतं.

आता बायका. 'दिव्यावदान' नावाच्या संस्कृत कथासंग्रहात सोपाऱ्याच्या पूर्णाची गोष्ट आहे. ती सांगताना पूर्ण व्यापारी कसा झाला, मग भिक्षू कसा झाला, हेच सगळे सांगतात. पण गोष्ट सुरू होते ती त्याच्या आईपासून. भव नावाचा एक श्रीमंत व्यापारी आजारी पडतो. तोंडाचा फटकळ, त्यामुळे बायको-मुलं त्याला टाकून देतात. घरातली एक दासी मात्र वैद्याकडे जाते, औषध विचारून आणते आणि त्याची सेवा करून त्याला बरा करते. बरं झाल्यावर तो म्हणतो, माग काय हवं ते. तिला दासीपणातून सुटायचं असतं, म्हणून ती त्याच्याकडून मूल मागते. तो मुलगा म्हणजे पूर्ण. गोष्टीत भवाला नाव आहे, त्याच्या सगळ्या मुलांना नावं आहेत. दासीला नाही. ती अख्ख्या गोष्टीभर 'दासी'च.

पुढे पूर्णाच्या बोलावण्यावरून बुद्ध सोपाऱ्याला यायला निघतात. वाटेत एका ठिकाणी पाचशे गृहिणी त्यांचा उपदेश ऐकतात, उपासिका होतात आणि म्हणतात, आम्हाला पुजायला काहीतरी द्या. बुद्ध त्यांना केस आणि नखं देतात. त्यावर त्या स्तूप बांधतात आणि लोक त्या स्तूपाला 'घरिणीस्तूप' म्हणू लागतात. घरिणी म्हणजे घरधनीण. गोष्टीतले पाचशे मोजायचे नसतात, पण घरात राहणाऱ्या, संसार करणाऱ्या बायकांच्या नावाने स्तूप ओळखला जातो ही कल्पना सोपाऱ्याची गोष्ट रचणाऱ्याला अशक्य वाटली नाही, एवढं नक्की.

पण गोष्ट ती गोष्ट. खऱ्या बायका शोधायच्या तर दगडाकडे जायला हवं.

उपासिका म्हणजे भिक्षुणी नव्हे. बुद्ध, धम्म, संघ यांना शरण गेलेली, पंचशील पाळणारी, पण घरातच राहणारी बाई. अशा बायका आपल्याकडच्या लेण्यांमध्ये ठायी ठायी आहेत. कान्हेरी, कार्ले, बेडसे, कुडा, जुन्नर, नाशिक. त्यांनी खांब दिले, खोल्या दिल्या, पाण्याची टाकी दिली, रोख पैसे दिले, आणि दिल्याचं दगडावर कोरून ठेवलं. त्यांच्याबद्दल आपल्याला कळतं ते एवढ्याच एका क्षणाचं, पैसे खर्च केल्याच्या. मला हे लेख पहिल्यांदा वाचताना आपल्या घरची स्टीलची भांडी आठवली. तुम्हाला आठवतात ना? दुकानदार ते घरघर आवाज करणारं यंत्र घेऊन तांब्यावर नाव घालून द्यायचा. कुणाकडून, कुणाला, कशानिमित्त, तारीख. आजीच्या आयुष्याचा दुसरा काही कागद नाही उरलेला, पण तिने दिलेल्या परातीवर तिचं नाव आहे. लेण्यातले लेख बरेचसे तसेच आहेत. फक्त परात डोंगराएवढी आहे.

आता नाशिकला चला. पांडवलेणी, म्हणजे जुना त्रिरश्मी डोंगर. तिथलं दहा नंबरचं लेणं उषवदाताचं. हा नहपान क्षत्रपाचा जावई. याचे लेख आम्हा पालघरवाल्यांनी वाचायलाच हवेत, कारण त्यात आमचा भाग आहे. सोपाऱ्याला त्याने प्रवाशांसाठी चौसोपी धर्मशाळा बांधली. आणि ज्या नद्यांवर फुकट होड्या चालू केल्या त्यांच्या यादीत पारदा, दमण, तापी यांच्याबरोबर 'दाहनुका' आहे. म्हणजे आपली डहाणू! जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी डहाणूची तर फुकट होती.

याच लेण्याच्या व्हरांड्यातल्या खोलीच्या दारावर एक छोटा लेख आहे. राजा क्षहरात क्षत्रप नहपान याची मुलगी, दीनिकाचा मुलगा उषवदात याची बायको, दखमित्रा, तिने ही खोली दान दिली. संपलं. नवऱ्याचे लेख लांबच्या लांब, हिचा एवढुसा. पण त्यातले दोन शब्द मला फार आवडतात. बायको या अर्थी तिथे 'कुडुंबिनी' शब्द आहे. "आमचं कुटुंब माहेरी गेलंय" असं म्हणणारे आजोबा तुमच्याही घरात होऊन गेले असतील. ते आजोबा आणि तो लेख कोरणारा एकच शब्द वापरत होते. आणि खोलीला शब्द आहे 'ओवरक'. देवळाच्या आवारातल्या ओवऱ्या आठवा. राजाच्या मुलीने एक ओवरी बांधून दिली, असं सरळ मराठीत म्हणता येतं.

दखमित्रा पुण्यवान, उषवदात दानशूर, असं म्हणून पुढे जाता आलं असतं. पण त्याच लेण्यातल्या त्याच्या मोठ्या लेखात दानांची जी यादी आहे तिच्यात गाई आहेत, सोनं आहे, गावं आहेत, आणि प्रभास तीर्थावर ब्राह्मणांना दिलेल्या आठ बायका आहेत. अभ्यासक सांगतात की त्याने आठ ब्राह्मणांच्या लग्नांचा खर्च केला, कन्यादानाचं पुण्य घेतलं. असेल तसंच. तरी यादीत त्या आठ जणी गाईंच्या आणि घाटांच्या रांगेतच येतात. म्हणजे एकाच लेण्यात एक बाई देणारी आहे आणि आठ बाया दिलेल्या आहेत. देणारीचं नाव कोरलंय. दिलेल्यांचा नुसता आकडा. मला हा व्हरांडा म्हणूनच त्या काळाबद्दल लिहिलेल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त खरा वाटतो.

पुढचं आणखी रंगतदार आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३ हजारांवर नाणी, आणि त्यातल्या ९ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाचा चेहरा असा हजारो वेळा पुसला गेला. नंतर गौतमीपुत्राच्या म्हाताऱ्या आईने, बलश्रीने, त्याच त्रिरश्मीवर तीन नंबरचं लेणं दिलं. नातू पुळुमावी गादीवर होता, त्याच्या राज्याचं १९वं वर्ष. तिचा लेख म्हणजे गेलेल्या मुलाचं गुणगान. त्यात त्याला क्षहरात वंशाचा निःशेष नाश करणारा म्हटलंय. मग ती स्वतःबद्दलही लिहिते: सत्य, दान, क्षमा, अहिंसा यांत रमलेली, तप आणि उपवास करणारी. अहिंसा आणि वंशनाश एकाच लेखात. आईने लिहिलेलं आहे, दुसरं काय होणार?

त्या क्षहरात वंशाच्या मुलीची ओवरी तिथून चालत काही मिनिटांवर. नाण्यांवर ठसे मारले, पण दखमित्रेचं नाव कुणी खरवडलं नाही. भिक्षूंना खोली हवी होती आणि खोली ज्यांनी दिली त्यांचं नाव राहू दिलं, इतकं साधं कारण असेल. की संघाला दिलेल्या वस्तूवर हात टाकायचा नाही असा धाक होता? काही का असेना, दोन शत्रू घराण्यांतल्या बायका एकाच डोंगरावर शेजारणी झाल्या.

राजघराणी झाली. मला जास्त ओढ आहे ती साध्या घरांची. नाशिकलाच वीर नावाच्या व्यापाऱ्याचं चार खोल्यांचं लेणं आहे. त्यातली एक ओवरी त्याच्या बायकोची, नंदसिरीची. एक मुलीची, पुरिसदत्तेची. म्हणजे घर जसं खोल्याखोल्यांत वाटलेलं असतं तसं पुण्यही वाटून घेतलं. आणि लेख कोरताना 'सहकुटुंब' म्हणून मोकळे झाले नाहीत. कुठली खोली कुणाची ते वेगळं लिहिलं. हिशेबाला चोख घर असणार.

कुड्याची लेणी बघितलीत का? रायगड जिल्ह्यात, मांदाडजवळ, राजपुरीच्या खाडीवर. तिथे एका कारकुनाच्या घराचा लेख आहे. 'लेखक' असा हुद्दा, म्हणजे महाभोजांच्या पदरी लिहिण्याचं काम करणारा. थोरल्या भावाने, शिवभूतीने, बायको नंदेसह लेणं दिलं. धाकट्या शिवमाने बायको विजयेसह आणि मुलांसह त्यातलं कोरीवकाम. आणि खांब दिले शिवमाच्या मुलींनी. मुलांची नावं सुलसदत्त, शिवपालित, शिवदत्त, सपिल. मुलींची नावं सपा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता. :-) सुलसदत्त हे पुन्हा आजोबांचं नाव. एवढ्या भावंडांत नावं शोधायचा कंटाळा की घराण्याचा अभिमान, देव जाणे. पण त्या चार मुली आहेत तिथे. लग्न झालेल्या की न झालेल्या, ते लेख सांगत नाही, आणि त्यांना कुणाची बायको म्हणूनही ओळखत नाही. बापाच्या मुली आणि खांबांच्या मालकिणी.

याच कुड्याला भायिला नावाच्या ब्राह्मणीने चैत्यगृह दिलंय. तिचा नवरा अयितिलू ब्राह्मण, आणि उपासक. जात एक आणि श्रद्धा दुसरी, हे लेखात काहीही स्पष्टीकरण न देता लिहून टाकलंय. चैत्यगृह म्हणजे पूजेची मुख्य जागा, खोली किंवा टाकं नव्हे. त्याला पैसा लागतो. कार्ल्याला आणखी एक भायिला सापडते, महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई. नाव तेव्हा चांगलंच प्रचारात असावं. आज बोईसरच्या एखाद्या सोसायटीत "भायिलाताई" अशी हाक मारली तर कुणीही वळून बघणार नाही.

एक गोष्ट लक्षात आली असेल. जवळजवळ प्रत्येक बाई कुणाची तरी मुलगी, बायको, आई आहे. नाशिकच्या चैत्यगृहाचं काम पुरं करणारी भटपालिका तर स्वतःची ओळख आजोबा, वडील, नवरा आणि मुलगा अशा चार पुरुषांतून देते. बेडशाला पाण्याचं टाकं देणारी महारठिनी सामडिनिका महाभोजाची मुलगी आणि आपदेवणकाची बायको. वाचताना पहिल्यांदा चीड येते. मग बघितलं तर वीर, शिवभूती हे पुरुषही बाप-भाऊ-मालक यांतूनच ओळख सांगतात. आणि उलटही होतं: सातवाहन राजे 'गौतमीपुत्र', 'वासिष्ठीपुत्र' म्हणून आईच्या नावाने मिरवतात. एकटं नाव तेव्हा कुणालाच पुरत नव्हतं. फरक नात्यात नव्हता, पैशात होता. खर्च करताना बाईने खर्च तिचा म्हणून लिहून घेतला की नाही, हे मला बघायचं असतं. या सगळ्या जणींनी लिहून घेतलाय.

आणि आता माझी सगळ्यात आवडती. विष्णुदत्ता. नाशिकलाच. आभीर राजा ईश्वरसेन याच्या राज्याचं नववं वर्ष, म्हणजे इसवी सनाचं तिसरं शतक. विष्णुदत्ता स्वतःला 'शकनिका' म्हणवते. बाहेरून येऊन इथे रुजलेल्या शकांतली ती. वडील अग्निवर्मा, नवरा रेभिल, मुलगा विश्ववर्मा. नवरा आणि मुलगा दोघेही 'गणपक', बहुधा हिशेबनीस. आणि ती स्वतः उपासिका. हा शब्द तिच्या लेखात आहे.

तिने लेणं कोरलं नाही, खांब दिला नाही. तिने डिपॉझिट ठेवलं. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचं तेव्हाचं गाव. तिथल्या कारागिरांच्या श्रेणी, म्हणजे संघटना, पैसे ठेवून घेत आणि व्याज देत. मुद्दल कायम राहायचं, त्याला अक्षयनीवी म्हणत. विष्णुदत्तेने कुलरिकांच्या (बहुधा कुंभार) श्रेणीत १००० कार्षापण ठेवले, पाण्याची यंत्रं करणाऱ्यांच्या श्रेणीत २०००, आणखी एका श्रेणीत ५००, शिवाय तेल्यांच्या श्रेणीतही. एकाच ठिकाणी सगळे पैसे ठेवायचे नाहीत हे तिला कळत होतं. हिशेबनिसाच्या घरातली!

रक्कम किती मोठी याचा अंदाज उषवदाताच्या जुन्या हिशेबावरून येतो. त्याने विणकरांच्या श्रेणीत २००० कार्षापण महिना शेकडा एक दराने ठेवले होते. महिन्याला २०, वर्षाला २४०. त्यातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवराला, म्हणजे वस्त्राला. २० गुणिले १२, बरोबर २४०. (मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, हसू नका.) हा राजाचा जावई. आणि विष्णुदत्तेचे नुसते पहिले दोन आकडेच ३००० होतात. मधे शे-सव्वाशे वर्षं गेलेली, त्यामुळे पैशाची किंमत सारखी धरता येत नाही, पण चिल्लर नव्हे.

आणि हे सगळं कशासाठी? त्रिरश्मीवर राहणाऱ्या आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. कुठून कुठून येणारे भिक्षू, पावसाळ्यात दगडाच्या खोलीत राहायचे. नाशिकचा पाऊस, ओल, ताप, खोकला. लेणं देणाऱ्याला लेणं दिसतं, येणारे-जाणारे नाव वाचतात. औषधाचा काढा पिऊन झाला की वाटी रिकामी. तरी तिने हे निवडलं.

बौद्ध परंपरेत याला एक जुनी आठवण आहे. श्रावस्तीची विशाखा, सगळ्या उपासिकांची आदर्श. तिने बुद्धांकडे आठ गोष्टी करण्याची परवानगी मागितली होती: पावसाळ्यासाठी वस्त्रं, येणाऱ्या भिक्षूंना जेवण, जाणाऱ्यांना जेवण, आजाऱ्यांना जेवण, आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांना जेवण, आजाऱ्यांना औषध, रोजची पेज, आणि भिक्षुणींना आंघोळीची वस्त्रं. यादी वाचली की कळतं, ही घर चालवणारी बाई आहे. आजाऱ्याजवळ बसणाऱ्यालाही भूक लागते, हे दुसऱ्या कुणाला सुचणार? विष्णुदत्तेने विशाखेची गोष्ट ऐकली असेलच. आणि सोपाऱ्याची ती बिननावाची दासी, वैद्याकडून औषध आणणारी, तीही याच ओळीत बसते.

मग भिक्षुणी का झाल्या नाहीत या? काही झाल्या. आणि इथे एक मजा आहे. घर आणि संघ यांच्यात आपल्याला वाटते तेवढी उंच भिंत नव्हती. कुड्याला पदुमनिका नावाची भिक्षुणी लेणं आणि टाकं देते. ती नागनिका नावाच्या भिक्षुणीची मुलगी. मामा भिक्षू. बरोबर शिष्या बोधी आणि असाळमिता. प्रव्रज्या घेतल्यावरही आईचं नाव, मामाचं नाव दगडावर आहेच. कान्हेरीला सपा ही भिक्षुणी आपल्या बहिणीबरोबर, रतिनिकेबरोबर लेणं देते, आणि वडील उपासक धमणक यांचं नाव सांगते. जुन्नरच्या एका लेखात गावातल्या भिक्षुणींच्या निवासाचा उल्लेख आहे. गावात, म्हणजे घरातल्या बायका सहज जाऊन बसतील अशा ठिकाणी.

हे वाचताना मला जपान आठवतं. तिथे कामाकुरा काळात, बाराव्या ते चौदाव्या शतकात, ही भिंत आणखीच पातळ झालेली दिसते. नवरा गेला की बाई केस कापून भिक्षुणी व्हायची, पण पुष्कळदा राहायची घरातच, आणि घर चालवायची. होजो मासाकोचा नवरा योरितोमो, पहिला शोगुन, ११९९ साली गेला. तिने केस उतरवले आणि मग १२२५ मध्ये मरेपर्यंत कामाकुराचं राजकारण हलवलं. तिला लोक 'भिक्षुणी शोगुन' म्हणत. दुसरीकडे कोयासानसारख्या पवित्र डोंगरावर बायकांना पाऊल टाकायची बंदी. त्यांच्यासाठी वाटेच्या तोंडाशी वेगळी 'बायकांची देवळं', तिथूनच हात जोडायचे. ती बंदी सरकारने कागदावर उठवली १८७२ साली. त्रिरश्मीवर भटपालिका त्याआधी जवळजवळ दोन हजार वर्षं चैत्यगृह पुरं करून गेली होती.

पण जपानला एक असं मिळालंय जे आपल्याला मिळालं नाही. पत्रं! शिनरान या मोठ्या धर्मगुरूची बायको एशिन्नी. १९२१ साली क्योतोच्या निशी होंगान-जी मंदिरात तिची दहा पत्रं सापडली. तेराव्या शतकातली, म्हातारपणी एचिगो प्रांतातून क्योतोतल्या लेकीला, काकुशिन्नीला लिहिलेली. त्यात दुष्काळ आहे, घरातली नोकर माणसं आहेत, लेकीने पाठवलेला चांगला कपडा मरणाच्या वेळी अंगावर घालायला ठेवलाय असं आहे. आणि एक जुनं स्वप्न आहे. त्या स्वप्नापासून ती नवऱ्याला बोधिसत्त्व कान्नोनचा अवतार मानत आली, पण हे तिने त्याला कधी सांगितलं नाही. तो गेल्यावर मुलीला लिहिलं.

विष्णुदत्तेच्या मनात असं काय होतं, रेभिलबद्दल तिला काय वाटायचं? दगडावर हे लिहीत नाहीत. गंमत अशी की एशिन्नीला पत्रांचं काही कौतुक नसावं. तिला हवा होता दगड. जिवंतपणीच आपल्यासाठी दगडी स्तूप उभा करावा ही तिची इच्छा, आणि तिचा पाठपुरावा त्या पत्रांत आहे.

दगडाचीही खात्री नसते म्हणा. कान्हेरीला पाच नंबरच्या लेण्याजवळ पाण्याचं टाकं आहे. त्यावरचा लेख वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख करतो. ही कार्दमक राजघराण्यातली, महाक्षत्रपाची मुलगी, शकांची लेक सातवाहनांची सून झालेली. नेमका तिच्या नावाच्या जागी दगड झिजलाय. वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर, 'रु', उरलंय, त्यावरून रुद्रदामन ओळखतात. नवऱ्याचं नाव उरलंय. टाकं देणारा अमात्य शतेरक, त्याचं नाव स्वच्छ वाचता येतं. तिचंच तेवढं गेलं. हे सगळे लेख एकत्र वाचायचे तर डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखल्यांचं कान्हेरीच्या लेखांवरचं १९९१चं पुस्तक आहे. एका बाईने झिजलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत ही नावं वाचली, हे मला उगीचच बरं वाटतं.

पुढे नवव्या शतकात कान्हेरीत पुन्हा मोठे लेख येतात. राष्ट्रकूट अमोघवर्षाचं राज्य, कोकणात शिलाहार मांडलिक. पुन्हा ठेवी आहेत, द्रम्म नावाच्या नाण्यांत. वस्त्रं, दुरुस्ती, पुस्तकं यांसाठी. देणारे सगळे पुरुष, त्यातला अविघ्नाकर तर थेट गौड देशाहून म्हणजे बंगालकडून आलेला. नंदसिरी, भायिला, सुलसदत्ता अशा घरगुती नावांची गर्दी तोवर ओसरली होती. व्यापारी श्रेणींचा जोर गेला, राजांची दानं देवळांकडे वळली, आणि घरची बाई जिथे हजार कार्षापण ठेवू शकेल असं ठिकाण उरलं नाही. मला तरी कारण तिथे दिसतं. श्रद्धा आटली म्हणून नव्हे, खातं बंद झालं म्हणून.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली आणि उपासिका हा शब्द मराठी घरात परत आला. आमच्या इथे एमआयडीसीत नोकरीला आलेली कितीतरी बौद्ध कुटुंबं आहेत. बुद्धपौर्णिमेला शेजारच्या काकू आणि त्यांच्या मैत्रिणी पांढऱ्या साड्या नेसून सकाळच्या गाडीने सोपाऱ्याला जातात. विरारला गाडी बदलायची, डबे बरोबर. घराजवळच्या विहारात पंख्यांच्या पात्यांवर लाल रंगात नावं आहेत, 'आयुष्मती' अमुक, 'कालकथित' तमुक यांच्या स्मरणार्थ. बहुतेक नावांपुढे नवऱ्याचं किंवा मुलाचं नाव आहेच. मागच्या उन्हाळ्यात तिथे पाण्याचा कूलर आला. बचत गटातल्या अकरा जणींनी वर्षभर पैसे साठवून घेतलेला. त्यावर फक्त अकरा पहिली नावं आहेत, आडनावही नाही. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "स्टिकरवाला अक्षराचे पैसे लावत होता."